मुलांची वाढ आणि घरातील नित्यक्रम

मूल वाढते ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. रोज सहवासात असणाऱ्या आईबापांना कालच्या आणि आजच्या मुलात काही फरक जाणवत नाही, सहा महिन्यांनी घरी आलेला पाहुणा मात्र दारातच म्हणतो, “अरे, केवढा झाला हा!” वाढ ही अशी मुकाट्याने, परंतु अखंड चालणारी क्रिया आहे. जन्माच्या वेळचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. पहिल्या वर्षात उंची सुमारे 25 सेंटिमीटरांनी वाढते. मेंदूची घाई तर याहूनही अधिक. दुसरे वर्ष संपते त्या वेळी तो आकाराने प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे चार-पंचमांश झालेला असतो. पुढे काही वर्षे हा वेग मंदावतो आणि किशोरवयात पुन्हा उसळी घेतो. त्या ऐन भरात मुलगा एका वर्षात 9 ते 10 सेंटिमीटर उंच होऊ शकतो.

ही सारी वाढ रोजच्या दिवसांतून घडते. पहिल्या पाच वर्षांचे दिवस मोजले तर ते सुमारे 1,800 भरतात. एखाद्या दिवशी मुलाला मिळालेला खाऊ, एखाद्या रविवारची सहल किंवा परीक्षेपूर्वी महिनाभर पाजलेले शक्तिवर्धक पेय यांचा या हिशेबात वाटा अल्प असतो. जेवणापूर्वी हात धुतले जातात की नाही, मुलाशी कोणी बोलते की नाही, ते उन्हात खेळते की नाही आणि रात्री वेळेवर निजते की नाही, या गोष्टी मात्र 1,800 वेळा घडतात किंवा 1,800 वेळा घडावयाच्या राहतात. म्हणूनच मुलांच्या आरोग्याचा विचार करताना घराच्या नित्यक्रमाकडे प्रथम पाहिले पाहिजे.

वडीलधारी माणसे हे पूर्वीपासून सांगत आली आहेत. परंतु कोणती सवय खरोखरीच उपयोगी आणि कोणती केवळ परंपरेने चालत आलेली, हे निव्वळ अनुभवावरून ठरविणे कठीण असते. चांगल्या सवयी असलेल्या घरात पैसा आणि शिक्षणही बहुधा अधिक असते. तेव्हा मुलाचे आरोग्य नेमके कशामुळे सुधारले, हे कळत नाही. यावर शास्त्रज्ञांनी योजलेला मार्ग असा : शक्य तितक्या सारख्या परिस्थितीतील कुटुंबांचे किंवा शाळांचे दोन गट करावयाचे, एका गटात एखादी सवय लावावयाची, दुसऱ्यात पूर्वीचाच क्रम चालू ठेवावयाचा आणि पुढे दोन्ही गटांतील मुलांची तुलना करावयाची. अशा काही प्रयोगांचा व निरीक्षणांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

हात धुण्याची सवय

कराचीतील दाट आणि गरीब वस्त्यांमध्ये 2002 ते 2003 या काळात एक प्रयोग झाला. स्टीफन लुबी आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा वृत्तांत 2005 मध्ये प्रसिद्ध केला. काही मोहल्ल्यांतील कुटुंबांना वर्षभर साबण पुरविण्यात आला आणि कार्यकर्ते दर आठवड्यास घरी जाऊन तो केव्हा व कसा वापरावा हे समजावून सांगत राहिले. शौचाहून आल्यावर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी आणि बाळाला भरविण्यापूर्वी हात धुवावेत, असा तो उपदेश होता. इतर मोहल्ल्यांत ही योजना नव्हती. वर्षाअखेर आढळले ते असे : साबणाची सवय लागलेल्या घरांत पंधरा वर्षांखालील मुलांना होणारे अतिसाराचे विकार 53 टक्क्यांनी आणि पाच वर्षांखालील मुलांना होणारे न्यूमोनियाचे विकार 50 टक्क्यांनी कमी होते.

या प्रयोगातून आणखी एक उपयुक्त गोष्ट कळली. काही घरांना साधा साबण दिला होता आणि काहींना जंतुनाशक साबण. परिणामात दोहोंत फरक पडला नाही. याचे कारण उघड आहे. साबणाच्या फेसाने हातावरचा तेलकट थर सुटतो व त्याबरोबर जंतू वाहून जातात. त्यासाठी महागड्या साबणाची आवश्यकता नाही. हात चांगले चोळावे लागतात आणि पाणी हातावर पुरेसे पडावे लागते.

अतिसाराची हानी केवळ आजाराच्या दिवसांपुरती नसते. वारंवार पोट बिघडणाऱ्या मुलाच्या आतड्यांत अन्नाचे शोषण नीट होत नाही. पानात पुरेसे वाढलेले असूनही ते मूल अर्धपोटीच राहते. साबणाची वडी ही या अर्थाने आहाराचाही भाग आहे.

पानात काय आणि पान कसे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 मधील पाचव्या फेरीत भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी 67 टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. 15 ते 19 वर्षांच्या मुलींत हे प्रमाण 59 टक्के होते. रक्तक्षयाला अनेक कारणे असतात. त्यांतील एक प्रमुख कारण म्हणजे लोहाची उणीव. लोह कमी पडले की रक्तातील तांबडे द्रव्य कमी होते, शरीरातील पेशींना प्राणवायू अपुरा मिळतो, मूल लवकर थकते आणि अभ्यासात त्याचे लक्ष लागत नाही. अशा मुलाला घरचे लोक आळशी म्हणतात, पण त्याचे रक्त तपासण्याचे कोणाला सुचत नाही.

धान्ये, डाळी व पालेभाज्या यांत लोह असते, परंतु मांस-मासळीतील लोहापेक्षा ते शरीरात कमी शोषले जाते. येथे घरातील एक साधी सवय कामी येते. लिंबू, आवळा, पेरू, मोड आलेली कडधान्ये यांतील क जीवनसत्त्व वनस्पतींतील लोहाचे शोषण वाढविते. उलट चहा आणि कॉफी यांतील द्रव्ये ते रोखतात. जेवणात लिंबाची फोड असणे आणि चहा जेवणाबरोबर न घेता दीड-दोन तासांच्या अंतराने घेणे, या दोन गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. लहान मुलांना तर चहा देऊच नये. रक्तक्षय मुळात अधिक असेल तर आहाराने भागत नाही. तेथे वैद्याच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या व जंतांवरील औषध घ्यावेच लागते.

पानात काय असावे याइतकेच महत्त्व ते कसे भरविले जाते याला आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही. त्यानंतर वरचे अन्न सुरू करावयाचे असते आणि तेथूनच अनेक घरांत झगडा सुरू होतो. नवी चव मूल प्रथम तोंडाबाहेर टाकते. ‘याला भाजी आवडत नाही’ असा निकाल आई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच देते. वास्तविक नव्या पदार्थाचा स्वीकार करण्यापूर्वी मुलाला तो आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा, चाखावा लागतो, असे आहारशास्त्रज्ञांना आढळले आहे. बळजबरी न करता तोच पदार्थ थोडा थोडा पुन्हा पुढे करणे हाच यावरचा उपाय होय. भूक लागल्याची आणि पोट भरल्याची खूण मुलाला उपजतच कळते. दडपून भरविल्याने किंवा मोबाईलवरील चित्रे दाखवून घास कोंबल्याने ती खूण बुजून जाते. शक्य असेल त्या घरात दिवसातून एक वेळचे जेवण सर्वांनी एकत्र बसून घ्यावे. वडील आणि भावंडे जे चवीने खातात ते मूल न सांगता खाऊ लागते.

शब्द आणि खेळ

जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात 1986–87 मध्ये सुरू झालेला प्रयोग बालसंगोपनाच्या इतिहासात विशेष गाजला. डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील गरीब वस्त्यांतून 9 ते 24 महिने वयाची, वाढ खुंटलेली 129 मुले निवडली व त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्यास एक किलो दुधाचे पोषक मिश्रण दिले. दुसऱ्या गटातील घरी आठवड्यातून एक तास एक आरोग्यसेविका जाई व मुलाशी कसे खेळावे, काय बोलावे हे आईला दाखवी. तिसऱ्या गटाला दोन्ही गोष्टी मिळाल्या आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. हा क्रम दोन वर्षे चालला. खेळणी टाकाऊ वस्तूंपासून केलेली होती; ती घरी ठेवून जावयाची आणि पुढच्या भेटीत बदलून द्यावयाची, अशी पद्धत होती. आरोग्यसेविका येऊन जाई तो एकच तास. उरलेला आठवडा खेळ आणि बोलणे घरच्यांनीच करावयाचे होते.

दोन वर्षांनी पोषक मिश्रण मिळालेल्या आणि खेळ मिळालेल्या अशा दोन्ही गटांतील मुलांची बुद्धी अधिक विकसित झालेली आढळली आणि दोन्ही गोष्टी मिळालेली मुले सर्वांत पुढे होती. पुढील काळात मिश्रणाचा लाभ ओसरत गेला, परंतु खेळाचा व बोलण्याचा लाभ टिकला. ही मुले 22 वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी करण्यात आली. ज्यांच्या घरी ती आरोग्यसेविका जात असे त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी अधिक होती. हा निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाला.

अन्नाला महत्त्व नाही, असा याचा अर्थ कोणी करू नये. उपाशी मूल खेळत नाही. परंतु पोट भरल्यावर मेंदूलाही काही हवे असते. बाळ एक आवाज काढते, आई त्याकडे पाहून उत्तर देते, बाळ पुन्हा आवाज काढते. या देवघेवीत मेंदूतील पेशींचे परस्परसंबंध वापराने दृढ होत जातात. दूरचित्रवाणी किंवा मोबाईल कितीही बोलला तरी तो बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या आपल्या सूचनांत वर्षाखालील मुलाला पडद्यापुढे मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासाहून अधिक वेळ बसवू नये, असे सांगितले आहे.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि 1957 पासून अनुताई वाघ यांच्यासमवेत कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे शिक्षणकार्य उभारले, त्यात गोटे, बिया, पाने, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने होती. घरातही हेच होऊ शकते. वाट्या एकात एक बसविणे, शेंगा सोलताना दाणे मोजणे, पोळ्या लाटताना लहानशी गोळी मुलाच्या हाती देणे, अंथरुणात गोष्ट सांगणे, यांतून मूल आकार, संख्या आणि भाषा शिकते; आणि काम करणाऱ्या आईला त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

उजेड आणि मैदान

जवळचे स्पष्ट दिसते पण फळ्यावरचे दिसत नाही, या दोषास लघुदृष्टी म्हणतात. नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबट वाढल्याने ती येते. पूर्व आशियातील शहरांत तिचे प्रमाण फार वाढले आणि आपल्याकडील शहरांतील शाळकरी मुलांतही ते वाढत आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरातील बारा प्राथमिक शाळांत 2010 ते 2013 या काळात एक प्रयोग झाला. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घालविण्यास लावले; उरलेल्या सहा शाळांत नेहमीचा क्रम चालू ठेवला. तीन वर्षांत नेहमीचा क्रम चाललेल्या शाळांतील 39.5 टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली. बाहेर जाणाऱ्या मुलांत हे प्रमाण 30.4 टक्के राहिले.

असे का व्हावे? उजेड मोजण्याचे एकक लक्स हे आहे. दिव्यांनी उजळलेल्या खोलीत काही शे लक्स उजेड असतो. उघड्यावर दिवसा तो 10,000 लक्सच्या वर सहज जातो. प्रखर उजेडात डोळ्यातील दृष्टिपटल डोपामीन नावाचे द्रव्य अधिक सोडते आणि त्यामुळे नेत्रगोलाच्या लांबट वाढीस आळा बसतो, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटे बाहेर नेण्याची मोहीमच चालविली.

मैदानाचे इतर लाभ सर्वश्रुत आहेत. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास, धाप लागेल अशा श्रमात वा खेळात घालवावा, असे जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून सांगत आहे. लगोरी, हुतूतू, दोरीवरच्या उड्या, सायकल, शाळेपर्यंतची पायपीट, यांपैकी काहीही चालेल. मुलींचा हा तास दहाव्या-अकराव्या वर्षानंतर अनेक घरांत एकाएकी बंद होतो, याकडे आईबापांनी मुद्दाम लक्ष द्यावे. हाडे मजबूत होण्याचे वय नेमके तेच असते.

निद्रा

वाढीचे अंतःस्रावी द्रव्य मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून स्रवते आणि त्याचा मोठा लोट रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येतो. दिवसभरात शिकलेल्या गोष्टी स्मृतीत पक्क्या होण्याचे कामही झोपेतच चालते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास, तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलामुलींना 8 ते 10 तास झोप आवश्यक असते.

किशोरवयातील झोपेविषयी मोठा गैरसमज आहे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रात्री लवकर निजत नाही आणि सकाळी उठविता उठत नाही. यात त्याचा हट्ट सर्वस्वी कारणीभूत नसतो. निद्रेची चाहूल देणारे मेलॅटोनिन हे द्रव्य या वयात पूर्वीपेक्षा उशिरा स्रवू लागते, असे मेरी कार्सकॅडन प्रभृती संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्यात रात्री डोळ्यांपुढे मोबाईलचा उजेड असला तर ते आणखी लांबते. निजण्यापूर्वी तासभर सर्वांचेच मोबाईल, वडिलांचासुद्धा, दुसऱ्या खोलीत किंवा फळीवर ठेवण्याची प्रथा घरात पडली तर मुलांना वेगळा उपदेश करावा लागणार नाही. निजण्या-उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही फारशी बदलू नये.

मात्र झोप ही एकट्या घराच्या हातची गोष्ट नाही. शाळा सकाळी सातला भरत असेल तर आईबाप काय करणार? महाराष्ट्र शासनाने 2024 च्या फेब्रुवारीत पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार करूनच. किशोरवयीनांची गरजही तेवढीच आहे.

किशोरवयातील सोबत

मूल मोठे झाले की त्याला आईबापांची गरज उरली नाही, असे मानण्याकडे कल असतो. आइसलँड या लहानशा देशाचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे 1998 मध्ये 15–16 वर्षांच्या मुलामुलींपैकी 42 टक्के जणांनी मागील महिन्यात मद्य पिऊन झिंगल्याचे सांगितले होते. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. रोज धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आले. हा एका उपायाचा परिणाम नव्हे. वीस वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकण्यास बंदी होती, मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहण्यावर निर्बंध होते आणि खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांना सरकारी पैसा मिळू लागला. याखेरीज पालकांना शाळांमधून एक गोष्ट आग्रहाने सांगण्यात आली : क्वचित कधी तरी मुलाची हौस पुरविण्यापेक्षा त्याच्याबरोबर रोज अधिक वेळ असा, त्याचे मित्र कोण हे ठाऊक ठेवा आणि संध्याकाळी त्याला घरी राहू द्या. गावोगावच्या पालकांनी मिळून तसे करार केले. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत आपण आईबापांबरोबर पुष्कळदा असतो, असे सांगणाऱ्या मुलांचे प्रमाण 1997 ते 2012 या काळात दुप्पट झाले.

हा एका देशात कालांतराने पडलेला फरक आहे. दोन गटांचा काटेकोर प्रयोग नव्हे. तरीही त्याचा बोध दुर्लक्ष करण्यासारखा नाही. विचारपूर्वक निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडल्यानंतरही परिपक्व होत असतो. त्या काळात मुलाला चौकशी नकोशी वाटते, पण जवळ कोणी असणे हवेसे वाटते. संध्याकाळी एकत्र भाजी निवडणे, बाजारात जाणे, जेवताना शाळेतील हकीगत न टोकता ऐकून घेणे, यांतून मुलगा किंवा मुलगी आपली अडचण एखाद्या दिवशी आपण होऊन सांगते. मार आणि पाणउतारा यांनी ती वाट बंद होते. शाळेत मुलाला मारणे व मानसिक त्रास देणे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध ठरले. घरात तर तो दंडक आपणच घालून घ्यावयाचा आहे. मूल अनेक दिवस उदास राहिले, खाणेपिणे व झोप सुटली किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागले, तर त्याला रागे न भरता डॉक्टरांकडे न्यावे.

उपसंहार

वर सांगितलेल्या सवयींनी लसीकरणाचे, औषधाचे किंवा पुरेशा अन्नाचे काम होत नाही. त्यांची जोड असेल तरच सवयी फळतात. दुसरी गोष्ट अशी की हा सारा भार एकट्या आईवर टाकून भागणार नाही. पाणी भरणे, स्वयंपाक, मजुरी किंवा नोकरी यांत बुडालेल्या स्त्रीला मुलाशी खेळावयास सांगणे सोपे आहे. तिला तो वेळ मिळावा यासाठी तिचे काम वाटून घेणे हे बापाचे, आजी-आजोबांचे आणि मोठ्या भावंडांचे कर्तव्य आहे. गावाचे आणि शहराचेही कर्तव्य आहे. मैदान नसेल तर खेळ नाही, नळाला पाणी नसेल तर हात धुणे नाही.

सर्व सवयी एकदम लावू पाहणाऱ्या घरात एकही टिकत नाही. या महिन्यात जेवणापूर्वीचा साबण, पुढच्या महिन्यात संध्याकाळचे मैदान, त्यानंतर रात्रीची ठरलेली वेळ, असे एकेक पाऊल टाकावे. ज्या घरात मोठी माणसे स्वतः हात धुऊन पानावर बसतात, त्या घरातील मुलाला हात धुण्याची आठवण करून द्यावी लागत नाही.